पायऱ्या मोजणारे काका

"चौथा डबा, दुसरं दार," शेजारचे काका म्हणायचे. निशी-कसाईतल्या आमच्या इमारतीतून कोणी मेट्रोने कुठे निघालं, की हे ठरलेलं. त्या दारातून उतरलं की बरोबर समोर लिफ्ट येते. टोकियोतल्या निम्म्या स्टेशनांची दारं त्यांना पाठ होती. "मी धडधाकट आहे हो, मला कशाला लिफ्ट?" असं म्हटलं, तर म्हणायचे, "माहिती असलेली बरी."

ही सगळी माहिती काकूंसाठी जमवलेली. त्यांचे दोन्ही गुडघे कामातून गेले होते. रविवारी काका एकटेच एखाद्या नव्या बागेत जायचे, चढ, लिफ्ट, बाक सगळं बघून यायचे आणि पुढच्या रविवारी काकूंना न्यायचे. तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. त्यांचं प्रेम चौकशीतून बाहेर पडतं.

एका मे महिन्यात आम्ही ग्रीसला जाऊन आलो, समुद्रकाठच्या एका लहानशा गावात. फोटो बघून काकू म्हणाल्या, "मला इथे जायचंय." दुसऱ्या दिवशी मी त्यांच्याकडे गेले, तर काका वही घेऊन तयार.

"खोलीपासून समुद्रापर्यंत पायऱ्या किती?"

"मोजल्या नाहीत, काका."

"मग आठ दिवस केलंत काय?"

मी फायदे सांगायला लागले. गर्दी नाही, तळ दिसेल असं पाणी, टोमॅटोला टोमॅटोची चव, खानावळवाली बाई शेजारी बसून गप्पा मारते. काका मात्र तोटेच विचारत होते. लिफ्ट कुठेच नाही. बस दिवसातून दोनदा, तीही मनात आलं तर. दुपारी औषधांचं दुकानसुद्धा बंद.

"आणि आधी जाऊन बघूनही येता येणार नाही," ते पुटपुटले. मला हसू आलं आणि त्यांची दयाही आली.

"जाऊ दे हो," काकू आतून म्हणाल्या. "नाही जमत तर नाही."

इतकं सहज म्हणाल्या, की काकांचं पेन थांबलं. नाही म्हणायची काकूंना सवय झाली होती, आणि ती काकांना त्या दिवशी सोसवली नाही. त्यांनी वही माझ्यापुढे सरकवली. तोट्यांच्या बाजूला सोळा ओळी होत्या. फायद्यांच्या बाजूला एकच: हिला जायचंय.

"तिकिटं कशी काढायची, ते दाखव गं," काका म्हणाले.

सप्टेंबरात दोघं गेले. पायऱ्या निघाल्या एकशे बारा. पहिले दोन दिवस काकू अर्ध्यावर बसूनच समुद्र बघत होत्या, आणि तिथल्या एका म्हातारीने त्यांना घरातली खुर्ची आणून दिली होती. तिसऱ्या दिवशी काका पाण्याची बाटली आणायला खोलीवर गेले. परत येऊन बघतात, तर खुर्ची रिकामी. काकू बसत, सरकत एकट्याच खाली पोचल्या होत्या आणि सलवार वर धरून पाण्यात उभ्या होत्या.

गेल्या हिवाळ्यात काका गेले, झोपेतच. काकू आता लेकीकडे पुण्याला राहायला निघाल्या आहेत. परवा त्यांचं सामान बांधताना मी विचारलं, "ग्रीसला तुम्ही एकट्याच पाण्यात उतरलात, तेव्हा खूप रागावले असतील ना काका?"

"छे गं. बूट-मोज्यांसकट पाण्यात शिरले आणि माझा दंड धरून उभे राहिले. डोळे भरून आले होते त्यांचे. मी म्हटलं, अहो, बूट भिजतायत. तर म्हणाले, भिजू देत. तू समुद्र बघ."