धाकटीचा दम

धाकटी चष्म्याच्या कारखान्यात काचा घासायची. दिवसभर यंत्रापुढे स्टुलावर बसून अंग सुटलेलं. थोरली जाऊ मात्र काडीसारखी, पायांत जणू स्प्रिंगा. दोन्ही बिऱ्हाडं एकाच इमारतीत, थोरलीचं वर, धाकटीचं खाली. रविवारी सकाळी दोघे भाऊ आणि दोघी जावा जवळच्या हॉलमध्ये बॅडमिंटन खेळायला जात.

खेळ कसला, धाकटीची थट्टाच ती. चार फटके होतात न होतात तोच तिला धाप लागायची.

"थांबा रे, थांबा," थोरली नेटपाशी येऊन अख्ख्या हॉलला ऐकू जाईल असं ओरडायची, "आमचा भाता सुरू झाला!"

शेजारच्या कोर्टावरचेही हसायचे. धाकटीचा नवरा सगळ्यांत मोठ्याने.

एका रविवारी थोरली त्याला म्हणाली, "भाऊजी, आज तुम्ही माझ्याकडून खेळा. पलीकडे हे एकटे पुरेत. हिला बसू दे बाकावर. बाकाची मजबुती तरी कळेल." नवरा मागे वळूनही न बघता नेटखालून पलीकडे गेला. धाकटी बाकावर बसली, हसली, आणि पडलेली शटलं गोळा करून देत राहिली.

दुसऱ्या दिवशी उजाडताच ती कालव्याकाठच्या रस्त्यावर पळायला गेली. पाठीमागे कुत्रं लागल्यासारखी पळाली आणि पहिल्याच वळणावर खांबाला धरून ओकली. आठवडाभर हेच. शेवटी कारखान्याच्या डॉक्टरीणबाईंना विचारलं.

"जीव तोडून पळतेस, तिथेच चुकतंय," बाई म्हणाल्या. "इतकं हळू पळ, की पळता पळता सलग बोलता आलं पाहिजे. बोलणं तुटायला लागलं की वेग कमी कर. अंतर आपोआप वाढेल."

"पण बोलू कुणाशी?"

"स्वतःशीच बोल."

मग धाकटी बोलत पळू लागली. थोरलीने आजवर केलेला एकेक अपमान, तिच्याच आवाजात, तिच्याच हेलात. लग्नानंतरच्या पहिल्या टोमण्यापासून बाकापर्यंत. शब्द संपायचे नाहीत आणि हळूहळू श्वासही संपेनासा झाला. नंतर ती कालव्यावरच्या पुलाचा चढ झपाट्याने चढून चालत उतरायची आणि पुन्हा चढायची. नवऱ्याने तिचे पळायचे बूट पाहिले, "आता काय शर्यती जिंकणार का?" म्हणाला आणि कूस बदलून झोपला.

रविवारी हॉलमध्ये ती पूर्वीसारखीच धापा टाकायची. मुद्दाम. छातीवर हात ठेवून, डोळे फिरवून. थोरली खूश, हॉल खूश.

मग थोरलीला ताप आला. चांगला अंगात मुरलेला ताप. उतरल्यानंतरच्या रविवारी ती शाल पांघरून हॉलमध्ये आली. "मी आज नुसती बघते गं," म्हणाली.

धाकटीने रॅकेट तिच्यासमोर धरली. "एक डाव, ताई. की भात्याला घाबरलात?"

हे तिने मोठ्याने विचारलं. शेजारचे वळून बघू लागले. थोरलीने शाल काढली.

धाकटीने एकही फटका जोरात मारला नाही. एक शटल नेटलगत टाकायचं, दुसरं उंच, मागच्या रेषेपर्यंत. एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. थोरली धावत होती, कारण हरायची तिला सवयच नव्हती. तिचे ओठ पांढरे पडले.

"संपव की आता!" नवरा ओरडला.

संपवता आलं असतं. समोर शटल अलगद आलं होतं, लहान मुलानेही मारलं असतं. धाकटीने ते पुन्हा उंच उडवलं, थोरलीला जेमतेम पोचता येईल असं. थोरली पोचली, तिने ते परतवलं आणि ती गुडघ्यांवर कोसळली.

"उठा ताई," धाकटी म्हणाली. तिचं तोंड मिटलेलं होतं, नाकाने शांत श्वास चालला होता. "अजून डाव संपायचाय."

आणि थोरली उठली! दोन पावलं टाकली, तिथेच ओकली आणि त्यातच पडली. कोणी हसलं नाही. थोरल्या भावाने तिला उचलून बाहेर नेलं.

घरी आल्यावर नवऱ्याने दार लावून घेतलं. "वहिनी तापातून उठलीय, तुला माहीत नव्हतं?"

"माहीत होतं. म्हणून तर आज खेळले."

तो दोन पावलं मागे सरला, जणू कुणी परकीच बाई घरात शिरली होती.

ताप हृदयापर्यंत गेल्याचं तपासणीत निघालं. खेळ कायमचा बंद, चढउतारही बेतानेच. धाकटीने डॉक्टरीणबाईंना विचारलं, "एका खेळाने असं होतं का हो?"

"तापानंतर लगेच ताण दिला तर होऊ शकतं. का गं?"

"सहज विचारलं."

रविवारचा खेळ मोडला. धाकटी आता अनोळखी लोकांबरोबर खेळते आणि तिला दमवणारं तिथे कोणी नाही. थोरली बाजारातून परतताना धाकटीच्या दारासमोर जिन्यात थांबते. कठडा धरते, पिशवी खाली ठेवते. तिचा श्वास आत घरात ऐकू येतो. नवऱ्याने वहिनीसाठी तिथे एक स्टूल ठेवलं.

संध्याकाळी धाकटीने ते उचलून घरात आणलं. सकाळी त्याने परत बाहेर ठेवलं. तिने परत आत आणलं.