चार आकडे आणि बाकीची बडबड

“हे तुम्हीच लिवलंय न्हवं?”

अमृता खोत दुकानाच्या दारात उभी होती. उजवा हात कोपरापासून बोटांपर्यंत प्लास्टरमध्ये. डाव्या हातात आमचं पत्रक. चुरगळलेलं होतं, पण खालचा दुकानाचा शिक्का स्पष्ट दिसत होता.

“हो, मीच. काय झालं?”

“रविवारी तिसऱ्या फेरीला पडलो. उजव्या वळणावर पुढचं चाक निसटलं. तुमच्या पत्रकात बघून टायर घेतला. बसवला तुम्ही. ‘बिनधास्त जावा’ म्हणला तुम्ही.”

म्हणालो होतो. मला नीट आठवत होतं.

मी उद्यमनगरात टायरच्या दुकानात काम करतो. टायर काढणं, बसवणं, बॅलन्सिंग. शिवाय हौशी रायडरच्या सुरक्षेसाठी आमचा सात-आठ जणांचा गट आहे. कॉलेजात असताना एसटीच्या पासपासून हॉस्टेलच्या जेवणापर्यंत प्रत्येक गोष्टीवर मी पत्रकं काढली. पत्रक कसं लिहायचं ते तिथंच शिकलो. वाक्य छोटं, शत्रू एक, शंका शून्य.

आमच्याकडं गाडी पळवायची हौस दांडगी. ती हायवेवर भागवली जाते आणि माणसं मरतात. म्हणून आम्ही पोरापोरींना सांगतो की रस्त्यावर मरू नका, ट्रॅक डेला या. ट्रॅक डे म्हणजे फी भरायची, हेल्मेट-सूट घालायचा आणि बंद ट्रॅकवर आपली गाडी पळवायची. समोरून ट्रक नाही, म्हैस नाही. पण तिथं साधा टायर कमी पडतो. ट्रॅकचा टायर मऊ रबराचा असतो, तापला की डांबराला चिकटतो. नव्या जोडीला माझा महिन्याचा पगार जातो. हा खेळ फक्त पैसेवाल्यांचा आहे असं कुणी उघड बोलत नाही. किमतीच बोलतात.

मग आमच्यासारखे लोक जुने टायर घेतात. स्पर्धेतल्या टीम दोन-चार वेळा वापरून टायर उतरवतात. त्यांच्या दृष्टीनं तो संपलेला असतो, आमच्या दृष्टीनं सुरू व्हायचा असतो. या धंद्यात फसवणूक भरपूर. पाच वर्षांपूर्वीचे टायर पॉलिश मारून ‘नव्यासारखे’ म्हणून विकतात. त्या रागातून मी पत्रक लिहिलं. मजकूर असा :

‘जुना ट्रॅक टायर घेताय? चार आकडे वाचा. खाच मोजा. तडे बघा. बाकी सगळी बडबड!’

चार आकडे म्हणजे टायरच्या कडेला लंबगोलात छापलेली तारीख. पहिले दोन आकडे आठवडा, पुढचे दोन वर्ष. ते विक्रेत्याला पुसता येत नाहीत, म्हणून माझा त्यांच्यावर फार जीव. लोकांनी पत्रकाचे फोटो काढून ग्रुपवर टाकले. मला अभिमान वाटला.

अमृतानं माझं पत्रक शब्दशः पाळलं होतं. चार आकड्यांवरून टायर आठ महिन्यांचा होता. रबरावरच्या खाचांची खोली जवळपास पूर्ण, तडा एकही नाही. मी तो बसवला आणि ते दोन शब्द बोललो.

आता ती समोर होती आणि मला एक शत्रू हवा होता. मी म्हणालो, “विक्रेत्याचा नंबर द्या. त्याला आत्ता सरळ करतो.”

फोन लावला, स्पीकरवर टाकला आणि सुरुवातच चढ्या आवाजात केली. पोरीचा हात मोडलाय, तुम्ही मेलेला टायर गळ्यात मारलात, ग्राहक मंचात खेचतो. पलीकडचा माणूस पुण्याजवळचा होता. त्यानं मला पूर्ण बोलू दिलं.

मग म्हणाला, “हात मोडला? फार वाईट झालं. पण ताईंना मी सांगितलं होतं, हे टायर रोज वॉर्मरवर चाललेत, हळू सरावापुरते ठेवा. सांगितलं होतं की नाही, विचारा त्यांना.”

मी अमृताकडं बघितलं.

“व्हय,” ती म्हणाली. “सांगितलं हुतं त्येनं. पर तुमी लिवलासा की, बाकी सगळी बडबड.”

मी फोन हातातून काउंटरवर ठेवला.

वॉर्मर म्हणजे टायरला गुंडाळायचं विजेचं पांघरूण. स्पर्धेआधी टायर तापवून ठेवतं, म्हणजे पहिल्या वळणापासून पकड मिळते. पण टायर एकदा तापून थंड झाला की रबर थोडं कडक होतं. पुन्हा तापवला, पुन्हा थंड, अजून कडक. याला हीट सायकल म्हणतात. आठ महिन्यांचा टायर चारदा तापलेला असेल किंवा चाळीसदा. लंबगोलातल्या आकड्यांत ते कुठंच येत नाही. खाचेतही नाही, कारण टीम खाच झिजायच्या आधीच टायर उतरवते. ते फक्त विकणाऱ्याला ठाऊक असतं, तेही तो बोलला तर. आणि बोललेलं ऐकू नका असं मी छापलं होतं.

हीट सायकल हा शब्द मला माहीत नव्हता असं नाही. माहीत होता. पण तो पत्रकात बसत नव्हता. समजावायला चार ओळी लागल्या असत्या आणि घोषणेची धार गेली असती.

अमृता शिरोलीच्या एमआयडीसीत गाड्यांचे रबर बुश, म्हणजे धक्के शोषणारे रबरी तुकडे, बनवणाऱ्या कारखान्यात क्वालिटीत आहे. तिचं रोजचं काम म्हणजे रबराचा कडकपणा मोजणं. ती म्हणाली, “रबर एकदाच शिजवायचं असतंय दादा. जास्त शिजलं की मी स्वता रिजेक्ट करतो. माझ्या बॅगेत मीटर असतंय. पर टायर घेताना मीटर न्हाय काढलं, तुमचं पत्रक काढलं. माझी बी अक्कल गहाण पडल्याली.”

फोन अजून चालूच होता.

“अजून एक,” विक्रेता म्हणाला. “त्याच टीमचा दुसरा सेट तुमच्याच भागात गेलाय. गडहिंग्लजला. त्यांनीही तुमचंच पत्रक पाठवून तारखेचा फोटो मागितला होता. वॉर्मरचं त्यांनाही सांगितलं, पण ते हसले. या रविवारी चालवणार आहेत म्हणाले.”

तो दिवस शुक्रवार होता.

नंबर घेतला, फोन लावला. सुहास नावाचा माणूस. मी टायरचं बोलायला लागलो तेवढ्यात तो म्हणाला, “घेऊन झालंत पावणं, आता न्हाय पायजे,” आणि कट केला. मला विक्रेता समजला असणार. परत लावला तर उचलला नाही. मेसेज केला, बघितला नाही.

मालकांना सांगावं लागणार होतं. आमचे मालक बसवण्णा, मूळचे संकेश्वरकडचे. त्यांना सगळे अण्णा म्हणतात आणि ते मला कानडीत तम्मा, म्हणजे धाकटा भाऊ, म्हणतात. उद्याची सुट्टी हवी, पत्रकात चूक आहे, ते मागं घ्यायचंय असं सांगितलं.

“टायर आपण इकला?” अण्णा.

“नाही. बसवला.”

“मग? बसवणाऱ्याचा काय संबंध? उद्या कोण साबणावरनं घसरला तर नळवाल्याला धरणार काय?”

“मी बिनधास्त जावा म्हणालो, अण्णा.”

“म्हणालास ते कागदावर हाय काय?”

“पत्रक कागदावर आहे. खाली शिक्का आहे.”

अण्णांनी अमृताच्या हातातलं पत्रक मागून घेतलं, चष्मा लावून वाचलं. दुसऱ्यांदा वाचलं. मला वाटतं ते पहिल्यांदाच नीट वाचत होते.

“शिक्का मारताना मी वाचलो न्हाय,” ते म्हणाले. “तू लिवलास म्हणजे बरोबर असंल म्हटलं.” मग पत्रक घडी घालून गल्ल्यात टाकलं. “सकाळच्या पयल्या एसटीनं जा. आणि हिकडं ऐक तम्मा. तिथं जाऊन भाषण ठोकू नको.”

मी अमृताला म्हणालो, तुमचं मीटर एक दिवस द्या.

“मीटर माझ्या सहीवर कारखान्यातनं बाहेर पडलंय. मी बी येणार.”

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही एसटीनं निघालो. वाटेत तिनं फक्त एवढंच विचारलं की नवा ट्रॅक टायर किती भरला ते लक्षात आहे ना. होतं. शुक्रवारीच दुकानातल्या नव्या ट्रॅक टायरवर तिचं मीटर लावून बघितलं होतं. शंभरपैकी छप्पन्न. आकडा जेवढा मोठा तेवढं रबर कडक.

सुहासचं घरचं दूध संकलन केंद्र आहे. सकाळचं संकलन उरकून तो कॅन धूत होता. गाडी शेडमध्ये स्टँडवर, टायर बसवून तयार.

“कोण म्हणायचं पावणं?”

“काल फोन केला होता. ते पत्रक मी लिहिलंय.”

त्याचा चेहरा खुलला. “तुमी व्हय! आवो भारी लिवलंय. चौघांस्नी पाठीवलंय मी. या, बसा, च्या घेऊया.”

“त्यात चूक आहे. उद्या या टायरवर जाऊ नका.”

तो हसला. मी गंभीर आहे हे कळल्यावर त्याचं हसू गेलं.

“म्हंजे कसं? तारीख बगितली, खाच बगितली, तडा न्हाय. तुमीच सांगितलेलं सगळं केलं. आता म्हणतासा चूक? आन उद्या परत येऊन म्हणशीला, आज सांगितलं ते बी चूक हुतं. मग आमी कुणाचं ऐकायचं?”

त्याचा प्रश्न बरोबर होता. मी हीट सायकल समजावून सांगायला लागलो. तापमान, रबर, वॉर्मर. तो नळाखाली कॅन विसळत राहिला. अण्णा करू नको म्हणाले होते तेच मी करत होतो.

अमृतानं मला थांबवलं. ती सुहासला म्हणाली, “तुमच्या सेटचा भाऊ माझ्या गाडीला हुता.” आणि प्लास्टरचा हात पुढं केला. “डॉक्टर म्हणत्यात बोटं हलवा. ही दोन हलत न्हाईत. काय व्हईल ते प्लास्टर काढल्यावर.”

सुहासनं नळ बंद केला.

तिनं मीटर त्याच्याच हातात दिलं. “मी दाबलं तर म्हणशीला जोर लावला. तुमीच दाबा. सरळ टेकवायचं आन आकडा बघायचा.”

त्यानं पुढच्या टायरवर मीटर टेकवलं. सत्त्याहत्तर. जागा बदलली. अठ्ठ्याहत्तर. मागचा टायर, शहात्तर.

“नवा किती भरतोय?”

“छप्पन्न,” मी म्हणालो.

त्याला ते पटलं नाही. आमचं मीटर, आमचा आकडा. भिंतीला त्याचे रस्त्यावरचे जुने टायर टेकवून ठेवले होते, दोन पावसाळे झालेले. अमृता म्हणाली, आता त्याला लावा. त्यानं लावलं. चौसष्ट.

म्हणजे ज्या साध्या टायरची पकड पुरत नाही म्हणून त्यानं साठवून साठवून ट्रॅकचे टायर घेतले, ते साधे टायरच मऊ होते.

सुहास खाली बसला. त्यानं पुन्हा दोन्हींवर मीटर लावलं. मग मीटर पुसून अमृताला परत दिलं, तिला म्हणाला, “ताई, च्या घेऊन जावा.” तीन कप चहा आला, त्यातला एक माझ्यासमोर ठेवला गेला, एवढंच.

चहा झाल्यावर तो बोलला. “फी परत मिळत न्हाय. नवं टायर घ्यायला जमत न्हाय. वरीसभर ह्या एका दिवसाची वाट बगितली. तुमचं पत्रक नसतं तर त्या पुण्याच्या माणसाचं तरी ऐकलं असतं मी.”

तेच वाक्य वेगळ्या शब्दांत मी कालपासून दुसऱ्यांदा ऐकत होतो.

मी त्याचे साधे टायर परत बसवून दिले. हातानं, लिव्हर लावून, शेडमध्येच. त्यानं मदत केली.

रविवारी मी ट्रॅकवर गेलो. सुहास त्याच्या गटात शेवटून पहिला आला. सगळे त्याला ओलांडून गेले, काहींनी जाताना हात हलवला. एकही फेरी त्यानं चुकवली नाही आणि पडला नाही. तो त्या दुसऱ्या टायरवर पडला असता का, ते मला सांगता येत नाही. न पडलेल्या माणसाचा पुरावा नसतो. त्यामुळे तो माझे आभार मानणार नाही, आणि मानूही नये.

अमृताचं प्लास्टर निघालं. एक बोट सुटलं, दुसरं अर्धंच वळतं. मीटर आता ती डाव्या हातानं धरते.

नवं पत्रक मी लिहिलं. अण्णा म्हणाले, आधी तिला वाचायला दे, मग शिक्का. तिनं माझी दोन उद्गारचिन्हं आणि एक शिवी काढली. आता त्यात अकरा ओळी आहेत. टायर कुठं चालला, वॉर्मर लावला होता का, किती वेळा तापला, हे विकणाऱ्याला विचारा आणि तो सांगेल ते ऐका. तो स्वतःहून वाईट सांगत असेल तर ते नक्की ऐका. अंगठ्याचं नख रबरात दाबून बघा, दुकानातल्या नव्या टायरवर तसंच दाबून फरक बघा. मीटर मिळालं तर मोजा. तारीखही बघा, पण ती जन्माची तारीख आहे, तब्येतीचा दाखला नाही. शंका असेल तर घरचा साधा टायर लावा आणि शेवटचे या.

विक्रेत्यांवरचा माझा राग गेलेला नाही. पॉलिश मारणारे आहेतच, त्यांची नावं मी गोळा करतोय. पण त्या पुण्याच्या माणसाला मी फोन करून माफी मागितली. तो म्हणाला, सोडून द्या. मी सोडलेलं नाही.

अकरा ओळींचं पत्रक फारसं कुणी पुढं पाठवत नाही. लांब आहे म्हणतात. जुनं चार आकड्यांचं अजून जोरात फिरतंय. परवा एका अनोळखी मुलानं ते मलाच पाठवलं, टायर घेताना उपयोगी पडेल म्हणून. त्याच्या तळाला, शिक्क्याच्या वर, एक ओळ होती : जास्तीत जास्त लोकांपर्यंत पोचवा.

तीही मीच लिहिलेली.