आवाज शिकवणारे सर

"आधी हात लाव, मग ऐक," असं म्हणत सर उघड्या स्पीकरच्या कागदी पडद्यावर आपला तळवा अलगद टेकवत. बोईसर स्टेशनजवळच्या त्यांच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये मी आधी शिकले, मग पाच वर्षं शिकवलं.

तुम्ही-आम्ही कॉम्प्युटरवर गाणं लावतो आणि मोकळे होतो. आत गाणं नसतंच, हे मला सरांनी दाखवलं. स्पीकरच्या पडद्यावर ते चिमूटभर रवा टाकत. आवाज सुरू झाला की रवा थुईथुई उडे.

"बघ. आत नुसते आकडे. साउंड कार्ड त्या आकड्यांची कमी-जास्त होणारी वीज करतं. विजेने चुंबकातली तारेची गुंडाळी हलते, गुंडाळीने कागद, कागदाने हवा. ती हवा तुझ्या कानात. झालं गाणं!"

दिवसभर कारखान्यात राबून आलेली माणसंसुद्धा लहान मुलांसारखी त्या रव्याकडे बघत बसत. अशा माणसावर विश्वास ठेवायला वेळ लागत नाही.

उमरोळीची माझी आत्या हळदीची गाणी म्हणते. ती सरांनी कॉम्प्युटरवर घ्यावीत, हा हट्ट माझाच.

"यंत्रात घालून काय करशील गो?" आत्या म्हणाली.

"जपून राहतील."

सर लॅपटॉप आणि माइक घेऊन घरी आले. आत्याच्या पाया पडले. प्रत्येक गाण्याआधी ती सांगे, "हा गाना माज्या सासूचा हाय," नाहीतर, "हा नणंदेनं शिकवला." सर डोळे मिटून मान डोलवत होते.

वर्षभराने सरावलीच्या एका लग्नात डीजेवर आत्याचा आवाज वाजला. खाली ठेका, आणि सुरुवातीलाच सरांची भारदस्त घोषणा: गीत आणि संगीत त्यांचंच. आत्या माझ्या शेजारी जेवत होती. घास तिच्या हातातच राहिला.

"आवाज माजा. मंग नाव त्याचा कसा?"

दुसऱ्या दिवशी क्लासमध्ये मी ते गाणं नेटवरून उतरवून ऐकलं. घोषणेनंतर, आत्या गायला लागते तिथे बारीक 'टक्' येत होतं. आवाजाची लाट शून्यावर नसताना कापली की असं होतं, हे सरांनीच शिकवलेलं. कापलं होतं ते 'हा गाना माज्या सासूचा हाय' हे वाक्य.

"सर, तिची सासू कुठे गेली?"

ते हसले. "अगं, आकडेच तर आहेत. आकडे कुणाचे असतात?"

"मग तुमचं नाव का नाही कापलंत?"

सर माऊस हलवत राहिले. कॉम्प्युटरच्या पडद्यावर काहीच उघडत नव्हतं. मी क्लासची चावी टेबलावर ठेवली आणि निघाले. मागून हाक येईल असं जिना उतरेपर्यंत वाटत होतं.

गाणं त्यांनी काढलं नाही. पुढे क्लास बंद करून ते विरारकडे गेले म्हणतात. मी आता पालघरला शिकवते. आवाजाचा धडा माझ्या मुलांना पटकन समजतो. ते कुणामुळे, हे मला ठाऊक आहे, आणि तेच मनाला जास्त लागतं.

गेल्या वैशाखात भाचीच्या हळदीला आत्या गाणार होती. बसण्याआधी तिने एक रिकामं सूप उचललं आणि बायकांमधून फिरून सगळ्यांचे मोबाइल त्यात जमा केले. माझ्यापाशी आली, तेव्हा 'माझा कशाला' अशी मी हसून मान हलवली. ती हसली नाही. सूप पुढे धरून तशीच उभी राहिली.

"तुजा पन टाक."