मालकाने न घातलेला मास्क

आमच्या पोलीस ठाण्यातल्या एका महिला शिपायाचे सोललेले गाल मला आजही जसेच्या तसे आठवतात. करोनाचे दिवस होते. लोहाऱ्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखानदाराने ठाण्याला दोन खोकी मास्क भेट दिले. ठाणेदार म्हणून मीही ऐटीत त्याच्यासोबत फोटो काढून घेतला. चार दिवसांत तिच्या चेहऱ्यावर मास्कच्याच आकाराचा लाल चट्टा उठला.

"घामोळं असेल," मी म्हणालो. पण ती घाटंजीकडच्या शेतकऱ्याची लेक, ऐकते कशाची!

"घामोळं नाही साहेब. मिरचीच्या रोपावर झाकतो ना आम्ही, ते कापड हाये हे. अत्तर मारलं तरी औषधाचा वास येऊनच राह्यला."

मी मास्क नाकाशी धरला आणि चरकलो. दुपारी खबऱ्याचा फोन आला. शाळा उघडणार म्हणून हेच मास्क झरी जामणीच्या आश्रमशाळांना चालले होते आणि गाडी संध्याकाळी निघणार होती. लेकरं ते दिवसभर तोंडाला लावणार! प्रयोगशाळेच्या अहवालाची वाट पाहायला वेळ नव्हता. स्टेशन डायरीत नोंद करून मी गाडी अडवली आणि मालकाला बोलावलं.

तो आला तो घरी शिवलेला मऊ सुती मास्क लावून.

"रोपाचं कापड? मी कायले असं करीन साहेब? माल एकदम चोख हाये."

चौकशीत आरडाओरडा करणारे अधिकारी मला कधीच पटले नाहीत. मी त्याच्याच खोक्यातला एक मास्क काढून पुढे ठेवला. "तुमचा घामाने ओला झालाय. हा लावा आणि निवांत बोला."

त्याचा हात काही पुढे येईना. शेवटी तो पुटपुटला, "मले दमा हाये साहेब."

"अन् लेकरायचं काय?" दारातून शिपाई कडाडली.

मग त्याने सगळं कबूल केलं. बुरशीचं औषध मारलेलं ते कापड त्याने स्वस्तात उचललं होतं. पंचांसमोर त्याने गोदामातले तागे काढून दिले. गाडी जप्त झाली, नमुने सीलबंद झाले. पुढे अहवालानेही तिचंच नाक खरं ठरवलं.

दोषारोपपत्राच्या वेळी वरिष्ठ म्हणाले, "तो फोटो कशाला जोडता? तुमचंच हसं होईल." मी जोडलाच. फुकटची वस्तू आली की भल्याभल्यांचे डोळे मिटतात, माझेही मिटले होते. नोकरीत बक्षिसं पुष्कळ मिळाली. पण छाती फुगते ती एकाच कागदाने, त्या दोषारोपपत्राने. त्यात तपासाचं श्रेय तिच्या नावावर आणि चूक माझ्या नावावर, दोन्ही मी माझ्या हाताने लिहिलं आहे.