स्केटपार्कवरच्या टिपणीसबाई

१९७८ सालच्या उन्हाळ्यात नॉटिंगहॅमच्या एका स्केटपार्कवर साडीवर कार्डिगन घातलेली एक बाई काँक्रीटच्या कठड्यावर बसून पोरांचं चित्रीकरण करायची. उन्हाळा म्हणायचा आपला. बाईंच्या पायांत लोकरीचे मोजे असायचे. बाईंचं नाव सुलक्षणा टिपणीस. माहेर वेंगुर्ल्याचं, नवरा डॉक्टर, भूल देण्याचं काम करणारा. चाकाच्या फळीवर उभं राहून उतारावरून स्वतःला झोकून देण्याच्या त्या खुळाशी त्यांचा संबंध एवढाच, की त्यांच्या एकुलत्या एक मुलाला, चौदा वर्षांच्या राजीवला, त्या खुळाने पुरतं झपाटलं होतं.

डॉ. शशिधर टिपणीसांना हा प्रकार साफ नापसंत होता. त्यांच्या हॉस्पिटलात त्या वर्षी मनगटं मोडलेल्या पोरांची रीघ लागली होती आणि त्यातल्या निम्म्यांना भूल द्यायला हेच. शेवटी घरात तह झाला: राजीवने खुशाल जावं, पण आईने बरोबर जाऊन बसावं. म्हणजे राखणदार म्हणून बाई गेल्या. आता नुसतं बसून थंडीत काकडायचं तरी किती? डॉक्टरांनी हौसेने एक छोटा फिल्मचा कॅमेरा आणला होता. ट्युलिपची फुलं आणि नवी गाडी टिपून झाल्यावर त्यांची हौस फिटली आणि कॅमेरा कपाटात जाऊन पडला. राजीवने तो आईच्या हातात दिला आणि म्हणाला, मला काढ.

बाईंनी काढलं. एक रीळ तीन मिनिटांत संपायचं, मग ते टपालाने धुवायला पाठवायचं आणि परत येण्याची वाट बघायची. आलं की राजीव स्केटपार्कवरच्या सगळ्या टोळीला घरी घेऊन यायचा. सात-आठ गोरी पोरं सोफ्यावर, गालिच्यावर, जागा मिळेल तिथे बसून चिवडा खात, प्रोजेक्टरने भिंतीवर दाखवलेल्या चित्रात स्वतःलाच पडताना बघायची आणि गडबडा लोळायची. त्या पोरांना तोवर कुणी कौतुकाने बघितलंच नव्हतं. शेजारचे म्हातारे तक्रारी करत, पोलिस हुसकावून लावत. आणि ही परदेशी बाई त्यांच्यासाठी गुडघे टेकून बसते, कॅमेरा जमिनीलगत धरते, ‘अगेन, अगेन’ म्हणते. पोरं त्यांना मिसेस टी म्हणत. पुढच्या वर्षीपर्यंत हे खूळ ओसरायला लागलं होतं, स्केटपार्क बंद होणार अशी बोलणी चालली होती, पण बाई आणि राजीव जातच होते.

त्याच हिवाळ्यात राजीवला मेंदूज्वर झाला आणि दोन दिवसांत तो गेला. बाप डॉक्टर होता, ओळखीचे सगळे डॉक्टर होते, आणि कुणाच्याही हातून काही झालं नाही.

त्यानंतर डॉक्टरांनी घरातून मुलाचं नामोनिशाण पुसून टाकलं. दुष्टपणाने नव्हे, त्यांना ते सोसतच नव्हतं. स्केटबोर्ड गेला, कपडे गेले, प्रोजेक्टर कुणा सहकाऱ्याला देऊन टाकला. रिळांवर त्यांचा हात पडण्याआधीच बाईंनी ती लपवली. घरात राजीवचे फोटो होते, नाही असं नाही. पण ते सगळे टाय लावून, श्वास रोखून उभे राहिलेले. धावणारा, धडपडणारा, केस मागे सारणारा राजीव जगात फक्त त्या रिळांत होता.

आता ती सांभाळायची कशी? इथे वेंगुर्ल्याची लेक जागी झाली. ओल हा बाईंचा जन्माचा वैरी. माहेरी पावसाळ्यात चपलांना, पुस्तकांना, देवाच्या तसबिरींना बुरशी धरताना त्यांनी पाहिली होती. नॉटिंगहॅमच्या पहिल्या भाड्याच्या घरात कपाटामागे ठेवलेला लग्नाचा आल्बम भिंतीच्या ओलीने खाऊन टाकला, तेव्हा त्या दिवसभर जेवल्या नव्हत्या. म्हणून राजीव ज्या रिळांत होता ती त्यांनी वेचून वेगळी काढली, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळली, वर जुन्या साडीचा तुकडा, आणि आईने लाडू भरून दिलेल्या स्टीलच्या घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवली. चार डांबराच्या गोळ्या टाकल्या. झाकणाच्या फटीत मेणबत्तीचं मेण ओतलं, वरून चिकटपट्टी फिरवली. आणि तो डबा गेला घरातल्या सगळ्यांत कोरड्या, उबदार जागी: गरम पाण्याच्या टाकीच्या कपाटात, जिथे इथली माणसं टॉवेल आणि चादरी ऊब राहावी म्हणून ठेवतात.

बाकीची रिळं, ज्यांत नुसतीच परकी पोरं होती, ती बुटांच्या खोक्यात घालून गॅरेजमध्ये गवत कापायच्या यंत्रामागे सरकवली. तिथे हिवाळ्यात पाणी गोठायचं. बाईंनी त्यांच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

डबा मात्र त्यांनी तळहाताच्या फोडासारखा जपला. दर दिवाळीच्या साफसफाईत चादरी बाजूला करून त्या डब्यावर हात ठेवत. कोरडा, कोमट. त्यांना बरं वाटे. उघडून बघावं असं शंभरदा वाटलं असेल. पण एकदा प्रोजेक्टरच्या दिव्याने फिल्म चालता चालता जळताना त्यांनी पाहिली होती, आणि पुन्हा चालवायला गेलं आणि तसंच झालं तर? सगळ्यांत वाईट दिवसासाठी ते राखून ठेवायचं, असं त्यांनी मनाशी ठरवलं. वाईट दिवस खूप आले. प्रत्येक वेळी वाटलं, याहून वाईट येईल, तेव्हा उघडू. या राखून ठेवण्यावरच बाई जगल्या म्हणा ना.

२००६ साली फोन आला. पलीकडे वरदा नावाची मुलगी. लंडनच्या पिनर उपनगरातली, इथेच जन्मलेली, लंडनमध्ये डॉक्युमेंटरी करणाऱ्या एका छोट्या कंपनीत कामाला. इंग्लंडमधल्या स्केटबोर्डिंगच्या सुरुवातीच्या दिवसांवर ते फिल्म करत होते, आणि कॉलिन नावाच्या एका प्लंबरने, जो तेव्हा त्या टोळीत होता, त्यांना साडीतल्या बाईबद्दल सांगितलं होतं. वरदाने महाराष्ट्र मंडळात विचारून नंबर मिळवला होता.

“काकू, त्यावेळची काहीच फुटेज नाहीये कुणाकडे, इट्स ऑल गॉन,” ती म्हणाली. “तुमच्याकडे असेल तर आम्ही लॅबमध्ये क्लीन करून डीव्हीडीवर देऊ. तुम्ही टीव्हीवर बघू शकणार.”

टीव्हीवर. दिवा नाही, जळण्याचं भय नाही, हवं तितक्या वेळा. बाईंनी लगेच हो म्हटलं. डॉक्टर तेव्हा पंचाहत्तरीला आले होते, निवृत्त होऊन बागेत रमले होते. त्यांना सांगितलं तर ते एवढंच म्हणाले की ते सगळं आता उकरून काढू नये. बाईंनी जन्मात पहिल्यांदा त्यांचं ऐकलं नाही. कपाट उघडलं, डबा स्वयंपाकघरात आणला आणि सुरीने मेण खरवडून झाकण उचकटलं.

आंबट भपकारा आला. असा, की डोळ्यांत पाणी यावं. बाईंना आधी वाटलं कपाटात व्हिनेगरची बाटली फुटली की काय. मग त्यांनी प्लॅस्टिक सोडलं. रिळं आखडून वेडीवाकडी झाली होती, कडा लाटांसारख्या उठल्या होत्या, आणि एका रिळाचं टोक धरून ओढलं तर पापडासारखा तुकडा हातात आला.

वरदा दुसऱ्या दिवशी गाडी घेऊन आली आणि डबा लंडनला घेऊन गेली. तिथून काही कळेना तेव्हा बाई स्वतःच ट्रेनने गेल्या आणि लॅबच्या दारात जाऊन बसल्या. तिथल्या माणसाने खुर्ची दिली, चहा दिला आणि अगदी हळू आवाजात समजावून सांगितलं. या जुन्या फिल्ममधून आम्ल सुटतं. तिला हवा लागते, थंडावा लागतो. हवाबंद डब्यात ते आम्ल कोंडलं, उबेने वाढलं, आणि फिल्मने स्वतःलाच खाल्लं. चित्राचा थर सुटून आला आहे. काही करता येणार नाही.

बाईंना सगळं कळलं आणि काहीच पटेना. त्यांनी त्या माणसाचे हात धरले. सगळं नको, त्या म्हणाल्या, एक चित्र द्या, नुसता चेहरा द्या, पाठ असली तरी चालेल. त्याने बिचाऱ्याने त्यांच्यादेखत पुन्हा एकेक रीळ भिंगाखाली धरलं. तपकिरी डाग होते, भेगा होत्या. माणूस नव्हता.

घरी आल्यावर त्यांनी हाय खाल्ली. जेवण नाही, झोप नाही. कपाटातल्या चादरी काढून अंगणात फेकल्या. डॉक्टर समजूत घालायला गेले तर त्यांच्यावर उसळल्या.

“तुम्ही फेकून देणार होतात ना? तुम्ही फेकलं असतंत तर तुम्हाला दोष देता आला असता मला. मी सांभाळून मारलं त्याला. माझ्या हाताने.”

जन्मभर लोकांना वेदना कळू नयेत म्हणून औषध देणारा माणूस, पण बायकोसाठी त्याच्यापाशी काही नव्हतं.

आणि मग गॅरेजमधलं खोकं सापडलं. वरदाने फोनवर चाचरत विचारलं होतं की, कॉलिन म्हणतो अजून बरीच रिळं होती. बाई गेल्या, यंत्र सरकवलं. खोक्याला उंदरांनी कोपऱ्यात कुरतडलं होतं, वर कोळिष्टकं. आतली रिळं मात्र जशी ठेवली तशी. सपाट, लवचीक. एक उजेडाकडे धरलं तर निळा टी-शर्ट घातलेला कॉलिन तळपत होता, कालच धुऊन आल्यासारखा.

त्या क्षणी बाईंना त्या पोरांचा असा काही राग आला की सांगता सोय नाही. ज्यांना गारठ्यात टाकून दिलं ती लोकांची पोरं धडधाकट. ज्याला उराशी धरलं तोच गेला. खोकं उचलून त्या कचऱ्याच्या पेटीपर्यंत गेल्या, हे खरं आहे. झाकणही उघडलं. फेकलं नाही ते काही मनाच्या मोठेपणाने नव्हे. कुठल्या तरी रिळात, कुठल्या तरी कोपऱ्यात, कुणाच्या तरी मागून राजीव गेलाच असेल, एवढीच एक लालूच होती.

खोकं लंडनला गेलं आणि महिन्याभरात डीव्हीडी आली. वरदाने बरोबर फोनही केला. तिच्या ऑफिसातले सगळे वेडे झाले होते, इतकं सुंदर काम त्या काळातलं कुणीच पाहिलं नव्हतं म्हणे. बाईंनी हूं हूं केलं आणि फोन ठेवला. दुपारी त्या टीव्हीपुढे बसल्या. इतक्या जवळ, की गुडघे टीव्हीच्या स्टँडला लागत होते.

पोरं येत होती, उडत होती, आपटत होती. बाईंची नजर त्यांच्यावर नव्हतीच. त्या कडा शोधत होत्या. मागे उभी गर्दी, कठड्यावरचे पाय, अर्धवट कापलेली डोकी. काळे केस दिसले की थांबवायचं, मागे न्यायचं. प्रत्येक वेळी दुसराच कुणी. ज्या ज्या वेळी राजीव समोर होता, त्या त्या वेळी आईचा कॅमेरा फक्त त्याच्याच मागे गेला होता. आणि ती सगळी रिळं तिने नेमकी वेचून काढली होती. इतकी नेमकी, की एकसुद्धा चुकली नव्हती. बाई रडायला लागल्या. रडताना बटण दाबायचं राहिलं आणि डीव्हीडी पुढे चालत राहिली.

शेवटच्या रिळात चित्र एकदम हललं. आकाश, काँक्रीट, पुन्हा आकाश. मग स्थिर झालं, आणि समोर एक बाई होती. पिवळी साडी, तपकिरी कार्डिगन, वाऱ्याने उडणारी बट. चाळिशीही न गाठलेली. ती आधी तोंड लपवते, मग हात पुढे करून कॅमेरा मागते, मिळत नाही म्हणून लटकं रागावते. मग कॅमेऱ्याच्या थोडं वर बघून काहीतरी ऐकते आणि खळखळून हसते. आवाज अर्थातच नव्हता.

कॅमेरा कुणाच्या हातात होता, हे सांगायला कुणी नको होतं. त्या हसणाऱ्या बाईच्या डोळ्यांपुढे, हातभर अंतरावर, तो उभा होता. ती त्याला बघत होती. तिला तो पूर्ण दिसत होता, कपाळावरचा घाम, दात, सगळं. नॉटिंगहॅमच्या बैठकीत बसलेल्या म्हातारीला फक्त ती दिसत होती.

“वळव रे,” त्या टीव्हीला म्हणाल्या. “जरा स्वतःकडे वळव.”

चित्र संपलं. त्यांनी पुन्हा लावलं. दारात डॉक्टर येऊन उभे राहिलेले त्यांना कळलं नाही. बागेतल्या मातीचे हात तसेच घेऊन ते पुढे आले आणि बाईंच्या शेजारी जमिनीवर बसले. पंचाहत्तरीच्या माणसाला जमिनीवर बसायला वेळ लागतो. तिसऱ्यांदा ती बाई हसली तेव्हा त्यांनी विचारलं,

“राजीव काय म्हणाला गं तुला, एवढी हसलीस ती?”

सुलक्षणाबाईंनी डोळे मिटले. ऊन आठवलं, वारा आठवला, पोरांचा गलका आठवला. डॉक्टर वाट बघत होते, त्यांचा मातीचा हात बाईंच्या गुडघ्यावर होता.

“अहो, आठवत नाही,” त्या म्हणाल्या. “मला काहीच आठवत नाहीये.”