लिंबाखालचे पोकलेन

हळद शिजवण्याच्या हंगामात, एका सोमवारी उजाडताना, आखाडा बाळापूरच्या पुढे आमच्या पोलीस ठाण्याच्या हद्दीत एक पोकलेन जळाले. रस्ता रुंद करायचा होता आणि कडेची झाडे पाडण्यासाठी ते आणले होते. जीवितहानी झाली नाही. केबिन पूर्ण जळाली. ज्या कडुलिंबाखाली ते उभे होते त्या लिंबाची एक जाड फांदी जळून केबिनवर पडली होती.

माझ्या नोकरीचे ते शेवटचे वर्ष. त्या वर्षातले बरेच गुन्हे आता एकमेकांत मिसळतात. हा मिसळत नाही.

पोकलेन येण्याच्या आधीपासून त्या रस्त्यावर काही पोरे-पोरी धरणे धरून बसत होती. पुठ्ठ्यावर हाताने लिहिलेल्या पाट्या असत: ‘हवामान बदलले, आता तरी झाडे सोडा’ अशा. बहुतेक जण पोलीस भरतीची तयारी करणारे. पहाटे त्याच रस्त्यावर पळायचे आणि नंतर त्याच झाडांखाली बसायचे. आम्ही नोटीस बजावली होती, रोज दोन अंमलदार बंदोबस्ताला लावले होते. उन्हात उभे राहून अंमलदार वैतागत, पोरे त्यांना सावलीत बोलावत. आंदोलक आणि बंदोबस्त एकाच झाडाखाली, असे चित्र मी नोकरीत फार वेळा पाहिले नाही.

या पोरांबद्दल गावात एकमत नव्हते. सरपंचांचे म्हणणे, बाळंतपणाची बाई दवाखान्यात नेताना समोरून उसाची ट्रॉली आली की गाडी मागे घ्यावी लागते. रस्ता व्हायलाच हवा. कॉलेजातल्या एका प्राध्यापकांना पोरांचे कौतुक होते, पण ते स्वतः बसायला आले नाहीत. ठेकेदाराचा सुपरवायझर हसत म्हणायचा, “साहेब, गरमी कमी करायची तर कूलर बसवा म्हणावं. झाडाखाली बसून जगाचा ताप उतरतो का?” भरती अकॅडमीच्या मास्तरांना एकच काळजी होती. ते माझ्यासमोर पोरांना म्हणाले, “अरे लेकरांनो, गुन्ह्यात नाव लागलं की चारित्र्य पडताळणीत अडकलात. मग पळा जन्मभर.”

मास्तर चुकीचे बोलत नव्हते. ज्या खात्यात या पोरांना यायचे होते, त्याच खात्याच्या कागदावर त्यांचे नाव आरोपी म्हणून चढले असते तर बाकी सगळे तिथेच संपले असते.

सोमवारी सकाळी जमादारांनी घटनास्थळी पंचनामा केला. सुपरवायझरने फिर्याद दिली: अज्ञात इसमांनी पेटवून नुकसान केले. पंचनाम्यात एक वाक्य होते, ‘यंत्रास लागलेल्या आगीने वरील फांदी पेटून यंत्रावर पडली.’ दुपारी फाट्यावरच्या हॉटेलवाल्याचा फोन आला. चहा विकणारा हा माणूस आम्हाला अधूनमधून खबर देत असे.

“साहेब, माझं नाव घेऊ नका. पहाटं पोरं तिथंच व्हती. समद्यांच्या हातात बाटल्या.”

“कशाच्या बाटल्या?”

“आता ते मला काय माहीत? पर बाटल्या व्हत्या, बराबर पाहिलं मी. ती पुढारीण पोरगी बी व्हती.”

‘पुढारीण’ म्हणजे वीस-एकवीस वर्षांची एक मुलगी. धरण्यात तीच बोलायची, घोषणाही तीच द्यायची. लगतच्या शेतकऱ्याची लेक. गेल्या भरतीत लेखीत थोडक्यात मागे पडली होती आणि पुन्हा तयारी करत होती.

संध्याकाळपर्यंत वरून दोनदा विचारणा झाली. आरोपी अज्ञात ठेवू नका, लवकर निष्पन्न करा, असा सूर होता. मुलांना ठाण्यात बोलावून एकेकाला वेगळे बसवले. सगळ्यांचे उत्तर एकच आले: आम्ही पळत आलो तेव्हा पोकलेन पेटलेलेच होते, आम्हीच ड्रायव्हरला फोन केला. ड्रायव्हरने ते मान्य केले. पण आग लावणारा स्वतःच फोन करतो, असे प्रकार मी पाहिले होते. त्यामुळे तेवढ्याने काही सिद्ध होत नव्हते.

मुलीचा जबाब कायद्याने ठाण्यात बोलावून घेता येत नाही. मंगळवारी सकाळी महिला अंमलदार आणि जमादारांना घेऊन मी तिच्या घरी गेलो. घर शेतातच, रस्त्याला लागून. जळालेले पोकलेन तिथून दिसत होते. अंगणाच्या पलीकडे हळद शिजवण्याची भट्टी चालू होती. वाफेचे ड्रम, खाली पऱ्हाट्यांचा, म्हणजे कपाशीच्या वाळल्या काड्यांचा, जाळ, पुढे जमिनीवर शिजलेली हळद वाळत टाकलेली. बाप डोक्याला रुमाल बांधून कामावर होता. आम्हाला पाहून तो आला, पण लेकीशी बोलला नाही. आमच्याशीच बोलला.

“साहेब, मी हजारदा सांगितलं हिला. बसू नको तिथं. मोबाईलवर कुठल्या देशातली पोरं पाहिली अन् सुरू झालं. झाडं काय हिच्या बापानं लावली व्हय?”

“बाबा, माझे बाप तुमीच आहात,” मुलगी म्हणाली.

महिला अंमलदार तोंड फिरवून हसल्या.

मी मुलीला बाटल्यांचे विचारले. तिने आतून सगळ्यांच्या बाटल्या आणून ओळीने ठेवल्या. पळताना प्यायला पाणी नेतो, घर रस्त्यालगत म्हणून बाटल्या इथेच भरून ठेवतो, म्हणाली. जमादारांनी एक उघडून हुंगली. तिने ती त्यांच्या हातातून घेतली.

“थांबा मामा, रॉकेल पिऊनच दाखवते.” आणि ती गटागटा प्यायली.

“ताई, मी काही म्हटलं का?” जमादार म्हणाले.

“म्हटलं न्हाई, पर हुंगून तर राहिले ना.”

मी विचारले, “हे धरणं कशासाठी? भरतीत यायचं म्हणतेस आणि पोलिसांसमोर घोषणा देतेस.”

“साहेब, जगाचं मला लई कळत न्हाई. पाटीवर लिहायला मोठं पायजे म्हणून हवामान लिहिलं. पर मैदानी चाचणी तुमीच घेता ना? औंदा माझी मैत्रीण पळता पळता पडली. उन्हानं. डॉक्टर म्हणले, सकाळीच एवढं ऊन पहिले नसायचं. मग आमी कुठं पळावं? हा रस्ता सोडला तर सावली हाय का कुठं?”

“मग पोकलेन पेटवलं?”

“पेटवायचं असतं तर लिंबाखाली पेटवलं असतं का? लिंबासाठीच तर बसून राहिलो आमी.”

उत्तर बिनतोड होते. पण बिनतोड उत्तर म्हणजे पुरावा नव्हे. जबाब लिहून घेतला, वाचून दाखवला, तिची सही घेतली. लिहून होईपर्यंत मी अंगणात इकडेतिकडे पाहत होतो. संशयिताच्या घरी गेल्यावर तोंडाइतकेच आजूबाजूला पाहावे, ही सवय जुनी.

भट्टीची राख दोन मजूर बायका घमेल्यातून नेत होत्या. भट्टीमागे एक खड्डा होता. माती ताजी, कडा अजून ओल्या. राख त्यात टाकून वर पाणी ओतले जात होते. येताना त्याच रस्त्यावर मी आणखी भट्ट्या पाहिल्या होत्या. तिथली राख रस्त्याकडेच्या झाडांच्या बुंध्याशी ढीग करून टाकलेली होती. शेतात राख उडाली की वाळती हळद मळते, म्हणून सगळे ती रस्त्याकडे टाकतात. हे मला माहीत होते, कारण या भागात हळदीचा हंगाम पाहिला नाही असा पोलीस नाही.

एकाला विचारून दुसऱ्याकडून उत्तर येते, असे बरेचदा होते. मी बापाला विचारले, “हा खड्डा नवा दिसतो.”

“व्हय. राख उडती ना साहेब.”

घमेले घेऊन चाललेली बाई थांबली. “औंदाच काढला मालकानं. दरवर्षी आमी लिंबाच्या बुडालाच टाकतो की. ढोलीत बसती राख, उडत न्हाई. काल अचानक म्हणले, खड्डा काढा, पाणी मारा.”

“तू तुझं काम कर,” बाप म्हणाला.

मुलीने बापाकडे पाहिले.

नवीन अंमलदारांना मी सांगत असे: माणसाने वर्षानुवर्षांची सवय एका दिवसात सोडली, तर त्याचे कारण विचारायला विसरू नका.

तिथून मी पोकलेनपाशी गेलो. जमादारांना पंचनामा पुन्हा वाचायला सांगितला आणि समोर यंत्र पाहायला सांगितले. डिझेलच्या टाकीचे झाकण कुलूपबंद होते. टाकी शाबूत होती. केबिनचे छत जळून खाली बसले होते, खालचे पट्टे नुसते काळे पडले होते. आग वरून खाली आली होती. लिंबाच्या बुंध्यात माणूस हात घालील एवढी ढोली होती, आतून कोळसा झालेली, आणि तळाशी राख. त्या राखेत पऱ्हाट्यांची अर्धवट जळकी टोके होती. लिंब आतल्या आत धुमसत वर गेला होता, फांदी पेटली, मोडली आणि केबिनवर पडली. पंचनाम्यातले वाक्य उलटे होते.

“पोकलेन इथं काहून उभं केलं?” मी ड्रायव्हरला विचारले.

“सावली व्हती साहेब,” तो म्हणाला. “ऊन किती पडून राहिलं. केबिन तापती.”

तोडायच्या झाडांत तो लिंब होता का, असे मी विचारले. तो म्हणाला, पहिलाच.

पूरक पंचनामा करून घेतला. ढोलीतली राख आणि खड्ड्यातली राख वेगवेगळी जप्त केली. पण राख कोणी टाकली, कधी टाकली, हे सांगणारा लागतो. मजूर बाई मालकाविरुद्ध जबाबाला टिकेल याची खात्री नव्हती. मी परत जाऊन बापाला भट्टीपासून बाजूला घेतले. त्याला अटक करतो असे म्हणालो नाही. एवढेच सांगितले की फिर्याद अज्ञाताविरुद्ध आहे, खबर पोरांविरुद्ध आहे, आणि गुन्ह्यात नाव आले तर लेकीची पडताळणी तिथेच थांबते.

त्याने दोनदा विचारले. “म्हणजे नुसतं नाव आलं तरी?”

“नाव आलं तर ते आधी कोर्टात पुसावं लागतं. त्यात वर्षं जातात. वय निघून जातं.”

हे त्याला माहीत नव्हते. तो रुमालाने हात पुसत राहिला. मी तिथून निघालो.

बुधवारी सकाळी हजेरी चालू असताना तो ठाण्यात आला. बाहेरच्या बाकावर बसला नाही, उभाच राहिला. मी आत घेतले तेव्हा म्हणाला, “लेकीचं नाव लिवायच्या आधी माझं लिवा.”

जबाब जमादारांनी लिहिला. रविवारी सांजच्याला राख नेहमीसारखी लिंबाच्या ढोलीत टाकली. धूर दिसत होता. दरवर्षी दिसतो, दरवर्षी आपोआप विझतो. सकाळी पाहिले तर पोकलेन पेटलेले. घाबरून खड्डा काढला. कोणाला बोलला नाही.

“सोमवारीच काहून आला नाहीत?” मी विचारले. “पोरांना आम्ही रात्रीपर्यंत बसवून ठेवलं होतं.”

त्याने डोक्याचा रुमाल सोडून हातात घेतला. मग म्हणाला, “साहेब, खरं सांगू? मला वाटलं, पोलीस दोन दिवस तकलीफ देतील, धाक बसंल, तिचं ते झाडाचं खूळ जाईल. मग सोडून देसाल. लेकरं हायती. नाव लागून राहतं, हे मला कोण सांगणार?”

जमादारांनी पेन थांबवला. “हे लिहू का साहेब?”

“ते गुन्ह्याशी संबंधित नाही,” मी म्हणालो. ते लिहिले गेले नाही.

मुलगी त्याच्यामागोमाग सायकलने आली होती. बाहेर उभी होती. जबाबावर सही करून बाप बाहेर आला तेव्हा तिने विचारले, “बाबा, मला काहून नाही सांगितलं?”

“सांगितलं असतं तर तू पाटी घेऊन माझ्याच भट्टीपुढं बसली असती.”

“बसलेच असते.”

“मग?”

ती सायकल हातात धरून त्याच्याबरोबर चालत गेली.

गुन्ह्याचे कलम बदलले: जाणूनबुजून आग लावून नुकसान करण्याऐवजी आगीबाबत निष्काळजीपणा. बापाला जामिनावर सोडले. दोषारोपपत्र मीच पाठवले. पोरांपैकी कोणाचेही नाव त्यात आले नाही. हॉटेलवाल्याने नंतर मला चहा पाजला आणि म्हणाला, “बाटल्या व्हत्या की न्हाई पण?” होत्या, असे मी सांगितले.

धरणे आठवडाभर पुन्हा चालले. बापाने रस्त्याच्या दोन्ही बाजूंच्या भट्टीवाल्यांना खड्डे काढायला सांगितले. दोघांनी काढले, बाकीच्यांनी नाही. नंतर दुसरे पोकलेन आले, मोठ्या बंदोबस्तात, आणि सगळी झाडे पाडली गेली. जळका लिंबही. त्या बंदोबस्ताचा प्रभारी मीच होतो. पोरे पाट्या घेऊन रस्त्याच्या पलीकडे बसली होती. आम्ही सगळे उन्हात होतो.

मी निवृत्त झालो. भरतीची जाहिरात त्यानंतर निघाली. बापाने कोर्टात गुन्हा कबूल केला, दंड झाला. मुलीची निवड झाली आणि तिची चारित्र्य पडताळणी आमच्याच जुन्या ठाण्यात आली. प्रतिकूल काही नाही, असा शेरा गेल्याचे जमादारांनी फोनवर सांगितले. रुजू व्हायचा आदेश तेव्हा आला नव्हता.

पुढच्या हळदीच्या हंगामात एका लग्नासाठी मी वसमतला चाललो होतो. रस्ता रुंद आणि चांगला झाला आहे. त्या शेतात भट्टी चालू होती. खड्डा त्याच जागी होता. मुलगी त्यातल्या राखेवर बादलीने पाणी ओतत होती, बाप घमेले घेऊन बाजूला उभा होता. तिने मला ओळखले आणि हात केला. गाडी लावायला सावली नव्हती. मी थांबलो नाही.