बुटांच्या कपाटाशेजारचा दगड

तो दगड आजही डोळ्यांसमोर येतो, आणि आपण काय करून बसलो असतो हेही.

मुंबई पोलिसांतून निवृत्त होऊन मी दुबईत करामाला मुलीकडे आलो. घरी बसवेना, म्हणून शारजात पुराणवस्तू पॅक करणाऱ्या एका गोदामाची सुरक्षा सांभाळू लागलो. वर्दी उतरली होती, खाक्या नव्हता उतरला.

अबुधाबीच्या एका प्रदर्शनासाठी ग्रीसहून वीतभर कोरीव दगड आला होता. सोबतच्या ग्रीक बाईंनी कामगारांना त्यावरचा मजकूर सांगितला: दोन हजार वर्षांपूर्वी कुणा बापाची मुलगी दुखण्यातून उठली, म्हणून त्याने तो देवीला वाहिला.

"म्हणजे नवस फेडला की!" आमचा सावंतवाडीचा सुतार म्हणाला.

दगडाची पेटी दुरुस्तीला होती. तोवर कुणीतरी तो खोक्यात घालून बुटांच्या कपाटाशेजारी जमिनीवर ठेवला. सकाळी खोकं रिकामं!

मी बाहेरची दारं बंद केली, खोक्यापाशी पहारा बसवला, रजिस्टर मागवलं. काल सगळ्यांत शेवटी गेलेला सुतारच. त्याला एकट्याला समोर घेतलं.

"दगडाला हात लावलास?"

"नाय साहेब."

"वर बघून बोल."

त्याने मान वर केली नाही. झालं, माझ्या लेखी प्रकरण मिटलं. पोलिसांत द्यायचा अहवाल लिहायला घेतला. माझी सही झाली की त्याची नोकरी खलास, व्हिसा खलास, दोन मुलींची इथली शाळाही खलास.

तेवढ्यात पेशावरचा पठाण गार्ड, खान, चहा घेऊन आला. "साहब, आप उसका मुँह देखते हो, पैर देखो. सेफ्टी बूट बिना यहाँ कोई नहीं चलता. ये सुबह से दो बार नंगे पैर लकड़ी वाले कमरे में गया."

मी उठलो. लाकडाच्या खोलीत सगळ्यांत वरच्या फळीवर, फेल्टच्या स्वच्छ कापडावर, पूर्वेला तोंड करून दगड ठेवलेला होता.

सुतार रडायलाच लागला. "देवाची वस्तू साहेब, बुटांपाशी कशी ठेवू? सकाळी गुपचूप परत ठेवणार होतो, पण तुम्ही पहारा बसवलात. परवानगीशिवाय हात लावला म्हणून काढून टाकतील, म्हणून खोटं बोललो."

बाईंनी टॉर्च लावून दगड तपासला. एक ओरखडा नाही. अहवालात त्यांनी लिहिलं की चूक दगड बुटांपाशी ठेवणाऱ्यांची, सुताराने दगड जपला. त्याला तंबी मिळाली, नोकरी राहिली.

माणूस खाली बघतो तो चोर, हे मी नोकरीभर धरून चाललो. आता वाटतं, असे किती जण मी आत घातले असतील?

तीस वर्षांत मी ढीगभर पंचनामे लिहिले, पण कुणाचे आभार कधी लेखी मानले नाहीत. त्या ग्रीक बापाने मुलीसाठी दगड कोरून घेतला. माझ्याकडे कागद आहे. खानसाब, त्या दिवशी तुम्ही दोन मुलींचं घर वाचवलंत, आणि मलाही. हे तुमच्यासाठी.